‘तुमची पोस्ट काढून टाकण्यात आली आहे’: मोठ्या ग्रुपचे नियम इतके कडक का असतात?

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी सकाळी चुलतभावाचा फोन आला. तो आमच्या गावी, जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाला शेती बघतो. मी पुण्यात कोड लिहितो. ना हॅलो, ना काही. थेट, “दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, या ग्रुपवाल्यांना नेमकं पाहिजे तरी काय?”

झालं असं होतं की त्याच्या टोमॅटोचे शेंडे पिवळे पडून पानं आकसायला लागली होती. आमच्या भागात हे दिसलं की पोटात गोळा येतो. २०२० मध्ये टोमॅटोवर व्हायरस आला होता, फळ रंग धरताना त्यावर चट्टेपट्टे यायचे, म्हणून लोकांनी त्याचं नावच ‘तिरंगा’ ठेवलं होतं. तेव्हा कित्येकांनी उभं पीक सोडून दिलं. त्यामुळे भावाने घाईघाईने चार फोटो काढले आणि लाखो मेंबर असलेल्या एका शेतकरी ग्रुपमध्ये टाकले. वर लिहिलं, “हे काय झालंय, उपाय सांगा.”

दहा मिनिटांत पोस्ट गायब. कारण: नियम क्रमांक ४ प्रमाणे पहिल्या ओळीत पीक, वाण, लागवडीचे दिवस आणि तालुका नाही. त्याने सगळं लिहून परत टाकली. पुन्हा गायब: पानाच्या मागच्या बाजूचा फोटो नाही. तिसऱ्यांदा मागचा फोटोही टाकला आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, “कुणाला माहीत असेल तर फोन करा,” पुढे स्वतःचा नंबर. या वेळी पोस्ट तर उडालीच, वर सात दिवस काही लिहायला बंदी.

त्या सात दिवसांत त्याने कृषी सेवा केंद्रातून औषध आणलं आणि मारलं. व्हायरस असेल तर तो बरा करणारी फवारणी नसते. रोगट झाडं लवकर उपटायची आणि रोग पसरवणारे मावा, पांढरी माशी, फुलकिडे आवरायचे, एवढंच हातात असतं. हे त्याला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरंचसं पीक वाचलं असतं. सांगणारे लोक त्याच ग्रुपमध्ये होते. पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

मला ॲडमिनचा भयंकर राग आला. मग मी त्यांचे नियम शांतपणे वाचले, आणि पंचाईत अशी झाली की एकही नियम चुकीचा निघाला नाही. वाण आणि दिवस कळल्याशिवाय सल्ला देता येत नाही. किडी पानाच्या मागे असतात, म्हणून मागचा फोटो. फोन नंबर का नको? कारण उघड्यावर टाकलेल्या नंबरवर औषध विकणारे आणि ‘सबसिडी मिळवून देतो’वाले तुटून पडतात. प्रत्येक नियमामागे कधीतरी झालेली एखादी फसवणूक होती. तरी सगळे मिळून माझ्या भावाच्या आड आले.

*हिशोब साधा आहे*

समजा एका ग्रुपमध्ये २ लाख मेंबर आहेत. रोज हजारात एकानेच पोस्ट टाकली तरी दिवसाला २०० पोस्ट होतात. एक नीट वाचून निर्णय घ्यायला दोन मिनिटं धरली, तर ४०० मिनिटं. म्हणजे जवळजवळ सात तास, रोज, रविवार धरून, फुकट. कारण फेसबुक ग्रुप असो, रेडिट असो की विकिपीडिया, हे काम करणारे बहुतेक लोक पगारी नसतात. नोकरी, शेती, अभ्यास सांभाळून करतात.

मग ते काय करतात, तर काम पोस्ट टाकणाऱ्यावर ढकलतात. “तूच सगळी माहिती भरून आण, नाहीतर मी वाचणार नाही.” सरकारी कार्यालयात खिडकीवरचा माणूस “झेरॉक्स जोडली नाही” म्हणून फॉर्म परत करतो ना, अगदी तेच. त्याचे दोन मिनिट वाचतात, आपला दिवस जातो. त्याला मात्र त्याच्या जागी बसून हे योग्यच वाटतं, कारण मागे रांग असते.

तेवढ्यानेही भागत नाही तेव्हा मशीन बसवतात. रेडिटवर ऑटोमॉडरेटर नावाचा बॉट आहे. तो मुळात कंपनीने बनवलेला नाही. एका स्वयंसेवक मॉडरेटरनेच स्वतःचा त्रास कमी करायला लिहिला, नंतर रेडिटने तो आत घेतला. तुमचं खातं किती दिवसांचं आहे, कर्मा किती आहे, शीर्षकात ठरावीक शब्द आहेत का, हे तो क्षणात तपासतो आणि पोस्ट उडवतो. बऱ्याच ठिकाणी किती कर्मा लागतो हे मुद्दाम सांगत नाहीत, कारण आकडा कळला की स्पॅमवाले बरोबर तेवढा जमवून येतात. त्यामुळे नवीन माणसाची अवस्था काय होते बघा: कर्मा नाही म्हणून लिहिता येत नाही, आणि लिहिल्याशिवाय कर्मा मिळत नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नकोच.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. असा साधा फिल्टर पोस्टचा अर्थ वाचत नाही, तिचा आकार वाचतो. शब्द आहे की नाही, दहा अंक सलग आहेत की नाही. त्यातून मराठी असलं की गंमत वाढते. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. काही कीबोर्ड त्यासाठी एकच अक्षर पाठवतात, काही ‘अ’ आणि वरचा चंद्र अशी दोन वेगळी चिन्हं. डोळ्यांना सारखंच दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. फिल्टरमध्ये ‘ॲप’ हा शब्द बंद केला आणि स्पॅमवाल्याचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर तो आरामात सुटतो. उलट एखादा टॅग सक्तीचा असेल, तर तुम्ही बरोबर लिहूनही अडकता आणि का अडकलो ते तुम्हाला जन्मात कळत नाही. (ऑफिसमध्ये एका सर्च बॉक्सवर याच अक्षराने माझे दोन दिवस खाल्लेत, म्हणून जरा जिव्हाळ्याने सांगतोय.) आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोणताही अंक’ शोधायचं नेहमीचं चिन्ह फक्त इंग्रजी आकडे पकडतं. पायथॉन ३ मध्ये तेच चिन्ह देवनागरी आकडेही पकडतं. म्हणजे तुमचा नंबर मराठी आकड्यांत लिहिला तर तो पकडला जाईल की नाही, हे बॉट कोणत्या भाषेत लिहिलाय आणि कसा लिहिलाय यावर ठरतं. भावाने इंग्रजी आकडे लिहिले होते.

*स्टॅक ओव्हरफ्लोचं काय झालं*

कडक नियमांचा सगळ्यात मोठा प्रयोग कुठे झाला असेल तर तो स्टॅक ओव्हरफ्लोवर. २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ही साइट सुरू केली. इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलवरच्या प्रत्येकाची सबमिशन या साइटवर झालीत, पण तिथे प्रश्न विचारलेला मुलगा मला फारसा आठवत नाही. सगळे वाचायचे, लिहायची हिंमत नाही. कारण तिथली शिस्त. प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद. मत विचारलं तर बंद. दुसऱ्याच्या प्रश्नाखाली साधी कॉमेंट करायला ५० गुण लागायचे, मत द्यायला १५. आणि भाषा इंग्रजीच. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन, जपानीसाठी वेगळ्या साइट निघाल्या. मराठीत नाही, हिंदीतही नाही. म्हणजे आमच्यासारख्याला आधी प्रश्न सुचायचा, मग तो इंग्रजीत बसवायचा, आणि मग नियमात.

ही शिस्त वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्या शिस्तीमुळेच तिथली उत्तरं इतकी नेटकी राहिली की जगभरच्या प्रोग्रामरनी त्यावर कामं केली. पण २०१८ मध्ये कंपनीलाच स्वतःच्या ब्लॉगवर कबूल करावं लागलं की आपली जागा नवख्यांना, विशेषतः बायकांना आणि उपेक्षित गटांतल्या लोकांना, आपलीशी वाटत नाही. नियम थोडे सैल झाले, भाषा थोडी मऊ झाली. नवख्याला वाटणारी धास्ती काही गेली नाही.

मग नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. नवीन प्रश्नांना उतरण आधीच लागली होती. त्यानंतर आकडा कोसळलाच. एआय चुकीचं उत्तर देतं, आत्मविश्वासाने देतं, हे सगळ्यांना माहीत होतं. स्टॅक ओव्हरफ्लोने तर डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली. तरी लोक गेले. का? कारण ते कधी “हा प्रश्न आधी विचारलाय” म्हणत नाही. मोडक्या इंग्रजीत विचारा, मराठीत विचारा, चौथ्यांदा तेच विचारा, तोंड वाकडं करत नाही. आणि यातली गोम अशी की ही मशीन जे प्रोग्रामिंग शिकली, त्यातलं बरंचसं याच कडक जागेवर माणसांनी फुकट लिहिलेल्या उत्तरांमधून आलंय. उद्या नवीन भाषा आली, नवीन चूक सापडली, तर तिचं उत्तर आधी लिहून ठेवणारी माणसं कुठे भेटणार? हा प्रश्न मला खरोखर सतावतो.

विकिपीडियाचंही काहीसं असंच झालं. २०१३ मध्ये ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी एका अभ्यासात दाखवलं की इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक २००७ नंतर कमी होत गेले, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे खोडसाळपणा रोखायला आणलेली हत्यारं चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांनाही परतवून लावत होती. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथल्या चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात आणि ॲडमिनला ‘प्रचालक’. नावं अगदी गावातली आहेत. पण स्वतःच्या गावाची यात्रा, बारव, जुनी शाळा यांच्याबद्दल लिहायला बसा, ‘संदर्भ द्या’ म्हटल्यावर हात थांबतो. आजीने सांगितलं, हा संदर्भ होत नाही. नियम बरोबर आहे, नाहीतर प्रत्येक गावात पांडव राहून गेलेले असतील. तरी छापील पुस्तक ज्याच्यावर कुणी लिहिलंच नाही, ते गाव तेवढंच कोरं राहतं.

*आता माझा स्वतःचा गुन्हा*

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या ॲडमिनबद्दल बोललो. पण मी स्वतः गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, आणि तिथे मी जे केलं ते भावाला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

आमच्याकडे बिबट्या ही बातमी नाही, रोजचं आहे. ऊस वाढला की त्यात बिबट्या, तोडणी आली की पिल्लं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे ते उगाच नाही. तर एका रात्री ग्रुपमध्ये व्हिडिओ आला: बिबट्या भिंतीवरून उडी मारतो, खाली लिहिलेलं, “आत्ता, आपल्या गावात, शाळेजवळ.” पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली. अंधारात एका परक्या दुचाकीवाल्याला अडवून दोन-चार जणांनी नको तेवढी चौकशी केली. नंतर कळलं, व्हिडिओ जुना, भलत्याच राज्यातला.

मला त्या रात्री राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तुम्हाला फॉरवर्ड करताना आजही जी आडकाठी जाणवते, तिची सुरुवात तिथून आहे.

शिवाय ॲडमिनच्या मनात पोलिसांची भीती असतेच. ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं तर मला उचलतील का? यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिलाय: सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, त्यांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला कट होता हे दिसलं पाहिजे. हा निकाल प्रत्येक ग्रुप ॲडमिनने वाचायला हवा. मी तेव्हा वाचला नव्हता. घाबरून सेटिंगमध्ये गेलो आणि ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू केलं. ॲडमिन तिघे. मी पुण्यात, एक मुंबईला, आणि तिसरे आमचे काका, जे रात्री आठला फोन बंद करून झोपतात.

महिनाभर ग्रुप छान शांत होता. मला तर अभिमान वाटत होता. मग एका रात्री साडेनऊला ओढ्याकडच्या मळ्यातल्या एका मुलाने खरोखरच बिबट्या बघितला, रस्ता ओलांडून वस्तीकडे जाताना. त्याने ग्रुपमध्ये लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मला वेगळा मेसेज केला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. अकरा वाजून गेल्यावर बघितला. तोवर पलीकडच्या गोठ्यातली कालवड गेली होती. गोठ्याचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. मालक नंतर म्हणाले, “कळलं असतं तर कडी लावली असती की.” रागावून नाही, साधंच म्हणाले. कालवड होती म्हणून हे मी इथे लिहू शकतोय.

भावाच्या पोस्टचं आणि या मेसेजचं काय वेगळं झालं? काहीच नाही. त्या ग्रुपच्या ॲडमिननी आपला वेळ वाचवायला नियम केला, मी माझी भीती वाचवायला. किंमत दोन्हीकडे त्याने मोजली ज्याला खरोखर काही सांगायचं होतं. आणि माझं तर जास्त चुकलं. त्यांच्याकडे लाखो लोक होते, नाइलाज होता. माझ्याकडे ओळखीतली काही शे माणसं. शहरातल्या मोठ्या सोसायटीला गेट आणि रजिस्टर लागतं. मी ते वाड्याच्या दाराला लावून बसलो होतो.

नंतर आम्ही बदल केले. बिबट्यासाठी वेगळा ग्रुप, तो सगळ्यांना खुला. तिथे व्हिडिओ टाकायचा नाही. कुठे, किती वाजता, कुठल्या दिशेने, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढंच सांगायचं. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवायचं, कारण ज्यांना बिबट्या सगळ्यात आधी दिसतो ते बहुतेक रात्री पाणी भरणारे लोक आहेत, टाइप करत बसणारे नाहीत. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ वर पिन केला. प्रत्येक मळ्यातला एक जण ॲडमिन. कुणी चुकीचं टाकलं तर लगेच डिलीट न करता आधी खाली विचारायचं, “कुठला आहे हा?” खोटं टाकणाऱ्याला एवढा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. मोठ्या ग्रुपला हे परवडणार नाही, मला मान्य आहे. पण मग निदान पोस्ट उडवताना काय दुरुस्त करायचं ते एकदाच, सगळं, मराठीत सांगावं. माझ्या भावाला तीन चुका तीन वेगवेगळ्या वेळी सांगितल्या गेल्या.

कायद्याची मदत इथे फारशी होत नाही, हेही सांगून टाकतो. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या सोशल मीडिया कंपनीने स्वतःहून तुमचा मजकूर काढला, तर बऱ्याच बाबतींत तिने कारण कळवायला हवं आणि दाद मागायची संधी द्यायला हवी. तक्रार अधिकारीही असतो. पण ते कंपनीपुरतं. ग्रुपच्या ॲडमिनने काढलेल्या पोस्टवर तुमची दाद एकाच ठिकाणी, त्याच ॲडमिनच्या इनबॉक्समध्ये. तिथे भांडून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. ‘नियम ४ प्रमाणे दुरुस्त केलंय, एकदा बघाल का’ असं लिहिलं तर मात्र बरेच जण बघतात. समोरही सात तासांचं काम फुकट करणारा कुणीतरी दमलेला माणूसच असतो.

भावाची बंदी केव्हाच उठली. तो ग्रुप त्याने सोडला नाही, मला वाटलं होतं सोडेल. गेल्या आठवड्यात त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. कुठल्याशा नवीन मुलाने मिरचीचे फोटो टाकले होते, ना वाण, ना दिवस, खाली फोन नंबर. पहिली कॉमेंट आमच्या साहेबांची: “भावा, नंबर काढ लगेच, नाहीतर उडवतील. पानाच्या मागचा फोटो टाक. किती दिवसांची आहे ते वरती लिही.” पोराने तेवढं केलं. पोस्ट राहिली आणि तासाभरात खाली अकरा उत्तरं होती.